शेंगा कोणी खाल्ल्या?

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका भिंतीवर ठळक अक्षरांत लिहिले आहे, ‘येथे कचरा टाकू नये.’ त्या अक्षरांच्या बरोबर खाली कचऱ्याचा ढीग असतो. गेली वीस वर्षे मी महाविद्यालयात मराठी शिकवतो, त्यामुळे ढिगाच्या आधी माझे लक्ष व्याकरणाकडे जाते. या वाक्यात कर्ताच नाही! कोणी टाकू नये? ज्याने त्याने आपल्या सोयीचा कर्ता घालून घ्यावा. मी वाचतो तेव्हा तो समोरच्या इमारतीत राहतो. समोरचे वाचतात तेव्हा अर्थातच आमच्या.

हा हरवलेला कर्ता मला २०१८ साली पुण्याच्या भर रस्त्यात सापडला. रविवारची संध्याकाळ होती. दहा वर्षांच्या धाकटीला घेऊन फिरायला निघालो होतो. भाजलेल्या शेंगांची पुडी हातात होती आणि टरफले सहजगत्या पायाशी पडत होती. इतक्यात महापालिकेचे एक आरोग्य निरीक्षक समोर उभे राहिले.

“सर, पावती करावी लागेल.”

“अहो, टरफलंच ती! चार दिवसांत मातीत मिसळून जातील,” मी प्राध्यापकी आवाज लावला.

यावर ते काही बोलायच्या आधीच धाकटी म्हणाली, “बाबा, टिळकांनी शेंगा खाल्ल्या नव्हत्या, म्हणून त्यांनी टरफलं उचलली नाहीत. तुम्ही तर खाल्ल्यात!”

ती गोष्ट मीच तिला मोठ्या अभिमानाने सांगितली होती. मी मुकाट्याने १८० रुपये मोजले आणि वाकून टरफलेही वेचली.

वाचकहो, या दंडाने मी सुधारलो का? खरे सांगायचे तर पुढचे पंधरा दिवस काही टाकण्यापूर्वी मी आजूबाजूला पाहू लागलो, इतकेच. कचरा टाकू नये हे मी शिकलो नव्हतो. पाहून टाकावा, हे शिकलो होतो.

मुंबईने २००६ साली स्वच्छतेचे उपविधी केले. रस्त्यावर थुंकणाऱ्याला आणि कचरा टाकणाऱ्याला दोनशे रुपये दंड ठरला. पुढच्याच वर्षी तो वसूल करायला मार्शल रस्त्यावर आले. मग पावत्या फाटल्या, वादही झाले आणि ती योजना कधी थांबली, कधी पुन्हा सुरू झाली. दंडाचे हे असेच आहे. दंड करणारा कोपऱ्यावर उभा असेपर्यंत त्याचा धाक. पुण्यात मात्र २०१८ च्या नोव्हेंबरात थुंकणाऱ्यांकडून दंड घेऊन शिवाय त्यांची थुंकी त्यांनाच पुसायला लावली, तेव्हा त्याची गावभर चर्चा झाली. खिशाला झालेला दंड माणूस विसरतो; हाताला झालेला विसरत नाही.

मग नुसते शिकवून भागेल का? शिकवणाऱ्यांत गाडगेबाबांसारखा गुरू महाराष्ट्राला लाभला. पण बाबा दिवसा गाव झाडीत आणि रात्री कीर्तन करीत. आधी खराटा, मग उपदेश, हा क्रम महत्त्वाचा. २००० साली त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले, त्यातही गावे आधी हातात झाडू घेऊन उतरली आणि मग बक्षिसाला पात्र ठरली. शहरात आम्हांला उपदेश घरपोच मिळतो, छापील पत्रकाच्या रूपाने. २०१६ च्या नियमांनी ओला, सुका आणि घातक कचरा वेगवेगळा ठेवण्यास सांगितले, तेव्हा तसे पत्रक आमच्याकडेही आले. न वाचताच ते सुक्या कचऱ्यात गेले.

मला शिकवले ते दारावर येणाऱ्या मावशींनी. पुण्यातल्या कचरावेचकांनी १९९३ साली ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही संघटना उभी केली. तिच्यातून पुढे ‘स्वच्छ’ ही त्यांची सहकारी संस्था निघाली आणि २००८ साली तिचा महापालिकेशी करार झाला. ढीग उपसणारी माणसे हक्काने दारावर येऊ लागली. अशाच आमच्या मावशी. एका सकाळी त्यांच्या बोटाला चिंधी बांधलेली दिसली.

“काय झालं, मावशी?”

“काच होती, सर. भाजीच्या देठांत.”

आदल्या रात्री आमच्याच घरात पाण्याचा पेला फुटला होता. ‘काच होती.’ या वाक्यातही काच टाकणारा नव्हता. भिंतीवरच्या पाटीने तो गाळला होता नाइलाजाने. मावशींनी गाळला तो माझी अब्रू राखायला. त्या दिवसापासून आमच्याकडे फुटकी काच वर्तमानपत्रात गुंडाळून, वर तांबडी खूण करून वेगळी दिली जाते. त्यासाठी कोणी निरीक्षक यावा लागत नाही.

महापालिकेने दंड जरूर करावा. निर्ढावलेल्यांना दुसरे औषध नाही. शाळाशाळांतून शिकवावे, आमच्यासारख्या बापांना वठणीवर आणायला मुलेच हवीत. पण या दोहोंच्या आधी रोज सकाळी वेळेवर दाराशी कचरा नेणारे माणूस यायला हवे. ते आले नाही तर दंड अन्यायाचा ठरतो आणि उपदेश पोकळ. आणि जे येते, त्याचा हात आपल्या पिशवीत जाणार आहे, हे आपण लक्षात ठेवायला हवे.

लक्ष्मीपूजनाला आपण केरसुणीला हळदकुंकू वाहतो, तिला लक्ष्मी म्हणतो. रात्री फटाके उडवतो आणि पाडव्याच्या सकाळी रस्ता कागदाच्या चिंध्यांनी भरून जातो. तो झाडायला येणाऱ्या बाईच्या हातातही केरसुणीच असते. तिला मात्र कोणी कुंकू लावत नाही.

गेल्या पाडव्याला धाकटी ओवाळणीआधीच दोन झाडू घेऊन दारात उभी राहिली. आता ती कॉलेजात जाते. सौभाग्यवती म्हणाल्या, “अहो, निदान चहा तरी घेऊन जा!”

चहा आम्ही रस्ता झाडून आल्यावर घेतला.