एक गळ, एक मासा

मुलांनो, भारताचा नकाशा समोर घ्या. कोचीवर बोट ठेवा आणि ते समुद्रात पश्चिमेकडे, जरा दक्षिणेला झुकतं सरकवा. साधारण ४०० किलोमीटर गेलात की एक बारीकसा ठिपका लागेल. त्याचं नाव मिनिकॉय. तिथली माणसं मात्र आपल्या बेटाला 'मलिकू' म्हणतात. लक्षद्वीपमधलं हे सगळ्यात दक्षिणेकडचं बेट. त्याच्या पुढे समुद्र ओलांडला की मालदीव, म्हणजे दुसरा देश!

इथे जायचं तर आधी सरकारी परवाना काढावा लागतो आणि मग कोचीहून बोट. तासन्‌तास नुसतं पाणीच पाणी. मग क्षितिजावर माडांची हिरवी रेघ उमटते आणि त्या रेघेतून डोकं वर काढून उभं असलेलं पांढरं दीपगृह दिसतं. ते १८८५ साली बांधलं गेलं. एवढ्याशा बेटावर एवढं उंच दीपगृह कशाला? कारण बेटाच्या उत्तरेला 'नऊ अंश चॅनेल' आहे. युरोप-अरबस्तानाकडून कोलंबो-सिंगापूरकडे जाणाऱ्या जहाजांचा हा जुना रस्ता. दक्षिणेला आहे 'आठ अंश चॅनेल'. अक्षांशांवरूनच ही नावं पडली. म्हणजे मिनिकॉय किती अक्षांशावर असेल, ते तुम्हीच सांगा बरं!

आकड्यांची झाली अक्षरं

बेट सुमारे दहा किलोमीटर लांब, पण रुंदी जेमतेम एक किलोमीटर. वस्ती दहा हजारांच्या आसपास. जवळजवळ सगळे लोक मुसलमान. बाकीच्या लक्षद्वीपमध्ये मल्याळमच्या जवळची भाषा बोलतात, पण इथली भाषा 'महल'. ती मालदीवच्या धिवेही भाषेची बहीण. तिची 'ताना' लिपी उजवीकडून डावीकडे लिहितात. आणि गंमत ऐका. या लिपीतली पहिली नऊ अक्षरं अरबी आकड्यांवरून आली आहेत, एक ते नऊ! त्यापुढची नऊ अक्षरं जुन्या स्थानिक आकड्यांवरून. गणित आवडत नाही म्हणणाऱ्यांनी तिथे शाळेत जाऊच नये!

इथले पुरुष पिढ्यान् पिढ्या दर्यावर्दी. जगभरच्या व्यापारी जहाजांवर काम करायला जातात आणि महिनोन् महिने घराबाहेर असतात. मग घर कोण सांभाळतं? बायका. इथे कुळ आईच्या बाजूने मोजतात आणि लग्न झालं की नवरा बायकोच्या घरी राहायला येतो. प्रत्येक गावाला पुरुषांचा एक प्रमुख असतो, तशी बायकांचीही एक प्रमुख असते. गावागावाची स्वतःची रंगीत, लांबलचक शर्यतीची होडी असते. तिला 'जहाधोनी' म्हणतात. शर्यतीच्या दिवशी सगळं बेट किनाऱ्यावर लोटतं!

जाळं नाही, गळ

आता मासेमारी पाहायला चला. इथला मासा टूना. आपल्या कोकणात ज्याला कुपा म्हणतात, त्याचाच भाऊबंद. तो हजारोंच्या झुंडीने फिरतो. पण मिनिकॉयचे कोळी त्याच्यासाठी मोठं जाळं टाकत नाहीत. ते आधी बेटाजवळच्या उथळ, शांत पाण्यात बोटभर लांबीचे चिमुकले मासे पकडतात आणि जिवंतच होडीतल्या पाण्याच्या कप्प्यात ठेवतात. मग खोल समुद्रात टूनाची झुंड दिसली, की मूठ-मूठ छोटे मासे पाण्यात फेकतात. सोबत पाण्याचे फवारे उडवतात. टूनाला वाटतं, वा, इथे तर मेजवानीच आहे! तो चवताळून वर येतो.

होडीच्या कडेला कोळी काठ्या घेऊन ओळीने उभेच असतात. गळाला आमिषसुद्धा लागत नाही, त्याची चकाकीच पुरते. त्या गळाला उलटा काटा नसतो. त्यामुळे काठीला हिसका दिला की मासा हवेतून डोक्यावरून जातो आणि आपोआप सुटून होडीत पडतो. लगेच गळ पुन्हा पाण्यात! एका गळाला एका वेळी एकच मासा. जाळ्यात सापडून कासवं आणि डॉल्फिन मरतात, ते इथे होत नाही.

हा टूना मिठाच्या पाण्यात उकडतात, धुरावर धरतात आणि उन्हात वाळवतात. मग तो लाकडासारखा टणक होतो आणि फ्रीजशिवाय महिनोन् महिने टिकतो. त्याला 'मास' म्हणतात. १३४०च्या दशकात मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता शेजारच्या मालदीवमध्ये काझी होता. त्यानेही असाच उकडून, धुरावून केलेला मासा पाहिला आणि लिहून ठेवला. म्हणजे ही युक्ती पावणेसातशे वर्षांहून जुनी!

सगळं कशावर उभं आहे?

आता जरा विचार करा. टूना मिळतो छोट्या माशांमुळे. ते छोटे मासे राहतात बेटाजवळच्या उथळ पाण्यात, प्रवाळांच्या फांद्यांच्या आडोशाने. आणि हे बेटसुद्धा प्रवाळांनीच बांधलेलं आहे. प्रवाळ म्हणजे दगड नव्हे बरं का! ते इवलेसे प्राणी आहेत. त्यांच्या चुनखडीच्या सांगाड्यांचे थरावर थर चढून अशी बेटं तयार होतात.

या प्राण्यांच्या शरीरात सूक्ष्म शैवालं राहतात आणि त्यांना अन्न पुरवतात. पाणी फार तापलं की प्रवाळ शैवालांना बाहेर काढतात आणि पांढरेफटक पडतात. पाणी लवकर निवलं तर ते सावरतात, नाही तर मरतात. लक्षद्वीपमध्ये १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ साली असं मोठ्या प्रमाणावर घडलं. पहिल्या दोन वेळांमध्ये बारा वर्षं गेली होती. नंतर सहा, मग आठ. प्रवाळांना पुन्हा वाढायला वेळच कमी पडतो आहे. शिवाय बेटाची जमीन समुद्रापेक्षा जेमतेम दोन-तीन मीटर उंच. लाटांचा मार पहिल्यांदा झेलणारी प्रवाळांची भिंत ढासळली, तर बेटाला आडोसा कुणाचा?

मलिकूचे कोळी समुद्रातून लागेल तेवढंच घेतात. पाणी तापतं आहे ते त्यांच्या होड्यांमुळे नव्हे, तर जगभर जळणाऱ्या कोळशामुळे आणि तेलामुळे. त्यात तुमच्या-आमच्या शहरांचाही वाटा आहे. म्हणून दोस्तांनो, आजच घरात एक पाहणी करा. रिकाम्या खोलीत दिवे आणि पंखे किती वेळ चालू राहतात, ते आठवडाभर वहीत लिहा आणि रविवारी ती वही आईबाबांसमोर ठेवा!