लाल विंचू आणि सोडियमचं दार

लातूर-नांदेडकडे कडब्याची गंजी हलवताना, गोवऱ्या काढताना किंवा जुन्या भिंतीच्या फटीत हात गेला की लाल विंचवाची नांगी बसते. पूर्वी लोक आधी मांत्रिकाकडे धावत. ठणका दंशाच्या जागी असे, मरण मात्र छातीतून येई. दरदरून घाम, उलट्या, गार पडलेले हातपाय, मग घरघर आणि तोंडाला फेस. लेकरं रात्रीतून जात. हे मरण कसं उलगडत गेलं हे पाहायचं, तर महाड आणि अमेरिकेतलं सिअ‍ॅटल ही दोन गावं एकत्र पाहावी लागतात.

जालना जिल्ह्यातल्या देहेडचे डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ मध्ये महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. विंचू चावलेल्या रुग्णाच्या उशाशी बसून ते नाडी, रक्तदाब, हृदयाचा आलेख टिपत राहिले. मरणाची वर्दी देणारी लक्षणं त्यांनी १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडली.

त्याच सुमारास सिअ‍ॅटलमध्ये तिथल्या विद्यापीठातले शास्त्रज्ञ विल्यम कॅटरॉल विंचवाचंच विष वापरत होते, मात्र दुसऱ्या जातीच्या विंचवाचं. पेशीच्या पडद्यात सोडियम आत सोडणारी वाहिनी असते. ती क्षणभर उघडते, लगेच मिटते. विष तिला घट्ट चिकटतं, म्हणून १९८० मध्ये त्या विषाच्याच खुणेवरून कॅटरॉल यांनी वाहिनीचं प्रथिन ओळखलं. पुढे १९८२ मध्ये त्यांच्या गटाने दाखवलं की प्रोटीन कायनेज ए हे विकर या प्रथिनावर फॉस्फेट चढवतं. कायनेजची ही करामत मुळात स्नायूत सापडली होती. एडविन क्रेब्स आणि एडमंड फिशर यांनी याच विद्यापीठात १९५५ च्या सुमारास सशाच्या स्नायूत ती पाहिली, आणि १९९२ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

मला सर्वांत थक्क करतो तो कॅटरॉल यांच्या गटाचा १९९१ चा शोध. प्रोटीन कायनेज सीने वाहिनीच्या आतल्या बाजूच्या सेरिन या एका अमिनो आम्लावर फॉस्फेट बसवलं, की दार मिटायला उशीर होतो. विंचवाचं विष बाहेरून नेमकं हेच करतं, फक्त बेफाम. १९९४ मध्ये हाडांना जोडलेल्या स्नायूंच्या पेशींतही हा परिणाम दिसला.

विषामुळे मज्जातंतूंची दारं मिटत नाहीत आणि अ‍ॅड्रिनलिन, नॉरअ‍ॅड्रिनलिन यांचा लोंढा सुटतो. हृदयाच्या स्नायूपेशीत त्यामुळे कायनेज ए जागं होतं, सोडियम आणि कॅल्शियमच्या वाहिन्यांवर फॉस्फेट चढतं, हृदय जिवाच्या आकांताने धावतं. इकडे ही संप्रेरकं झेलणाऱ्या अल्फा ग्राहींमुळे रक्तवाहिन्या आवळतात. हृदय थकतं, फुप्फुसांत पाणी भरतं.

लातूरच्या शिकवणी वर्गांत हजारो मुलं ‘नीट’साठी सोडियम वाहिनीची आकृती पाठ करतात. त्या आकृतीशेजारी आपल्या मराठवाड्याच्या डॉ. बावस्करांचं काम शिकवलंच पाहिजे, असं मला मनापासून वाटतं. परीक्षेनंतर यातलीच काही मुलं अंबाजोगाईच्या नाही तर नांदेडच्या सरकारी रुग्णालयात रात्रपाळीला उभी राहणार आहेत.

अल्फा ग्राही अडवणारं प्राझोसिन ही रक्तदाबाची स्वस्त गोळी. बावस्करांनी ती विंचूदंशावर वापरली आणि १९८६ मध्ये तसं प्रसिद्ध केलं. गंभीर रुग्णांतले पूर्वी शंभरात पंचवीस-तीस दगावत, ते प्रमाण एकाच्या आसपास आलं. २०११ मध्ये ‘बीएमजे’त त्यांची ७० रुग्णांची चाचणी आली. नुसत्या प्राझोसिनवर दहा तासांत ३५ पैकी ८ जण पूर्ण बरे झाले, सोबत प्रतिविष दिलं तेव्हा ३५ पैकी ३२.