घरकुलाचा कागद आणि महिलांचे मत

वैनगंगेच्या काठी वसलेले भंडारा हे पितळी भांड्यांसाठी प्रसिद्ध असलेले जुने नगर आहे. २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या ९१,८४५ होती. जिल्ह्यात भंडारा, तुमसर, पवनी व साकोली येथे नगर परिषदा, तर मोहाडी, लाखनी व लाखांदूर येथे नगरपंचायती आहेत. नगराच्या कारभारात दोन प्रश्नांचा संबंध थेट गरीब कुटुंबाच्या संसाराशी येतो. एक परवडणाऱ्या घराचा आणि दुसरा वस्तीतील दारूच्या दुकानाचा. या दोन्ही बाबतींत निर्णय कोण घेतो, हे नीट ठाऊक नसल्यामुळे अनेक अर्ज चुकीच्या दारी जातात.

घराचा निर्णय

घरांच्या बाबतीत नगर परिषदेचे स्थान मध्यवर्ती आहे. २५ जून २०१५ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या नागरी भागात लाभार्थ्यांची निवड करणे, प्रकल्प अहवाल तयार करणे आणि बांधकामावर देखरेख ठेवणे ही कामे नागरी स्थानिक संस्थांकडे सोपविण्यात आली. वार्षिक उत्पन्न ३ लाख रुपयांपर्यंत असलेल्या कुटुंबास स्वतःच्या जागेवर घर बांधण्यासाठी केंद्राचे १ लाख ५० हजार व राज्याचे १ लाख असे एकूण २ लाख ५० हजार रुपयांचे साहाय्य ठरविण्यात आले. योजनेचा दुसरा टप्पा १ सप्टेंबर २०२४ पासून पाच वर्षांसाठी आखण्यात आला आहे.

खरी अडचण पैशाच्या आधी जागेपाशी येते. कुटुंब पिढ्यान्‌पिढ्या एका जागी राहत असले, तरी जमीन नझूलची किंवा शासनाची असेल आणि पट्टा नसेल, तर स्वतःच्या जागेवरील घरकुलाचा अर्ज पुढे सरकत नाही. म्हणूनच शासकीय जमिनीवरील पात्र अतिक्रमणे नियमानुकूल करण्याचे धोरण राज्य शासनाने २०१८ मध्ये जाहीर केले. घरकुलाच्या यादीइतकेच पट्ट्यांच्या मोजणीचे कामही त्यामुळे महत्त्वाचे ठरते.

परवान्याचा निर्णय

दारूच्या दुकानाचे तसे नाही. देशी दारूचे दुकान, वाइन शॉप, बीअर शॉपी किंवा परमिट रूम यांची अनुज्ञप्ती नगर परिषद देत नाही. हा अधिकार १९४९ च्या दारूबंदी अधिनियमानुसार राज्य उत्पादन शुल्क विभाग व जिल्हाधिकारी यांच्याकडे आहे. नगर परिषदेने ठराव केला तरी केवळ त्याने चालू दुकान बंद होत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने १५ डिसेंबर २०१६ रोजी राष्ट्रीय व राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आतील मद्यविक्रीस मनाई केली. राष्ट्रीय महामार्गावर वसलेल्या भंडाऱ्यासारख्या नगराच्या दृष्टीने हा निर्णय मोठा होता. तथापि ही मनाई नगरपालिका हद्दीतील परवानाधारक दुकानांना आडकाठी करीत नाही, असे न्यायालयाने ११ जुलै २०१७ रोजी स्पष्ट केले. दुकान राहावे की जावे, हा प्रश्न अशा रीतीने पुन्हा वस्तीपाशीच आला.

वस्तीच्या हाती मात्र एक साधन आहे. राज्य शासनाच्या २००८ च्या आदेशानुसार गावातील किंवा नगराच्या प्रभागातील २५ टक्के महिला मतदारांनी, अथवा एकूण मतदारांपैकी तितक्यांनी, सह्यांचे निवेदन दिल्यास सह्यांची पडताळणी होऊन गुप्त मतदान घेतले जाते. मतपत्रिकेवर उभी बाटली व आडवी बाटली अशी चिन्हे असतात. आडवी बाटली म्हणजे दुकान बंद.

येथे एक हिशेब ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. झालेल्या मतांचे बहुमत पुरत नाही; एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून अधिक मते लागतात. समजा, एका प्रभागात १,००० महिला मतदार आहेत. निवेदनास २५० सह्या पुरतील; पण दुकान बंद होण्यास किमान ५०१ मते हवीत. मतदानास ७०० महिला आल्या आणि त्यांतील ४८० जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला, तरी दुकान चालूच राहील. घरी राहिलेल्या वा रोवणीच्या मजुरीस गेलेल्या महिलेची गैरहजेरी दुकानाच्या पथ्यावर पडते. मतदार यादीतील नावांची तपासणी आणि मतदानाचा दिवस यांचा विचार म्हणूनच आधी व्हावयास हवा.

दोन्हींचा दुवा

हे दोन प्रश्न एकाच उंबरठ्यावर भेटतात. घरकुलाचा हप्ता जोते, भिंती, छत अशा बांधकामाच्या प्रगतीनुसार मिळतो. हप्त्याचा पैसा दुकानात गेला की काम थांबते आणि काम थांबले की पुढील हप्ताही अडतो. आवास योजनेत घर कुटुंबातील महिलेच्या नावे किंवा पतिपत्नींच्या संयुक्त नावे असावे, असे तत्त्व ठेवण्यात आले आहे. दारूबंदीच्या आदेशानेही निर्णायक मत महिलेलाच दिले आहे.

शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ साली लागू झालेली दारूबंदी २०२१ मध्ये शासनाने उठविली. वरून आलेला निर्णय वरूनच बदलू शकतो. प्रभागातील महिलांनी स्वतः मोजून घेतलेल्या निर्णयामागे वस्तीचे पाठबळ असते. नगरसेवक, शिक्षक व पंचायत सदस्य यांनी महिलांना दोन कागद वाचून दाखवावेत: घरकुलाच्या यादीतील नाव आणि मतदार यादीतील नाव. दोन्ही ठिकाणी नाव बिनचूक असेल, तर घर बांधण्याचे आणि ते राखण्याचे निम्मे काम तेथेच होते.