हिरव्या चुड्यामागची भट्टी

लग्नाचा चुडा भरायला लष्करातल्या आमच्या वाड्यात मनिहारीण येई. आई मात्र तिला शेवटपर्यंत कासारीणच म्हणाली. माल फिरोजाबादचा. आग्र्यापलीकडचे हे गाव आम्हां ग्वाल्हेरकरांस परके नव्हे, तरी तिथली भट्टी मी पाहिली ती पुतणीच्या लग्नाच्या बांगड्या आणायला गेलो तेव्हा. सोबत मेहुणे होते, डोळ्यांचे डॉक्टर.

दहा हातांवरूनच तोंड पोळले. कारागीर सळईच्या टोकाला रसरशीत काच उचलीत होते, आणि उचलताना नजर भट्टीत रोखावीच लागते. बांगड्या मोजणाऱ्या एका वृद्धाच्या डाव्या डोळ्यात पांढरा ढग दिसला. "भट्ठी इसी तरफ रहती थी," तो म्हणाला.

मेहुण्यांनी मला बाजूस घेऊन उलगडा केला. शरीर कुठे तापले तर वाहते रक्त ती उष्णता वाहून नेते. डोळ्यातल्या भिंगात रक्तवाहिन्याच नाहीत. भट्टीच्या उजेडाबरोबर न दिसणारे अवरक्त किरण येतात. बुबुळ ते शोषून तापते आणि त्याला लागून असलेले भिंगही शेकते. अंड्यातला पांढरा भाग तापून अपारदर्शक होतो, तशीच काहीशी गत भिंगातल्या प्रथिनांची वर्षानुवर्षांच्या शेकाने होते. हा मोतीबिंदू बहुधा भिंगाच्या मागल्या अंगास धरतो. कधी पुढच्या आवरणाचा पापुद्रा सुटून आतल्या पाण्यात हलताना दिसतो. म्हातारपणीच्या मोतीबिंदूत असे सहसा नसते.

यावर उतारा काचेचाच आहे! लंडनच्या रॉयल सोसायटीच्या समितीसाठी विल्यम क्रुक्स यांनी शेकडो प्रकारच्या काचा करून पाहिल्या. त्यांचा निबंध १९१४ साली छापला गेला. लोहाचा अंश घातलेली हिरवट काच उष्ण किरण बहुतांशी अडवते, असे त्यांना आढळले. म्हणजे चष्म्याची युक्ती शंभर वर्षांपूर्वीची.

ताजमहालाच्या संगमरवरास धुराचा उपद्रव होऊ नये म्हणून सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली या टापूतल्या कारखान्यांना कोळसा सोडून वायू वापरा, नाहीतर अन्यत्र जा, असे बजावले. धूर हटला, चांगलेच झाले. पण वितळल्या काचेचा ताप वायूवरही तोच.

"चष्मा का नाही लावीत?" मी विचारले. घामाने काच धुरकटते, रसाचा रंग कळत नाही, असे उत्तर मिळाले. रंग चुकला तर माल परत येतो.

मेहुण्यांनी त्या वृद्धास आग्र्याच्या एका डॉक्टरांचा पत्ता लिहून दिला. भिंग बदलले की पुन्हा दिसेल, असेही समजावले. त्याने कागद घडी करून खिशात ठेवला. "लड़के से पढ़वा लूँगा," म्हणाला, आणि भट्टीकडे बोट केले. मुलगा तिथेच सळई फिरवीत होता, उघड्या डोळ्यांनी.