भाषेच्या पोटातला शब्दकोश

एका कार्यशाळेत आम्ही अकरावीच्या मुलांना साधे उदाहरण दिले होते. द्रावणात हायड्रोजन आयनांची संहती लिटरला ०.००१ मोल आहे, तर त्याचा पीएच किती? पायथन भाषेत चार ओळींची आज्ञावली लिहायची आणि उत्तर काढायचे. वहीत सोडवले तर उत्तर ३ येते, म्हणजे चांगलेच आम्ल. एका गटाच्या पडद्यावर मात्र ६.९१ आले. गट खूश! सातच्या जवळचा आकडा म्हणजे जवळजवळ उदासीन द्रावण, त्यात वावगे ते काय? संगणकानेही कुठलीच चूक दाखवली नव्हती.

सोबतच्या रसायनाच्या बाईंनी चूक लगेच ओळखली. पीएच काढताना आपण लघुगणकाचा पाया १० धरतो. पायथनच्या 'मॅथ' मोड्यूलमधले 'लॉग' हे फंक्शन मात्र, पाया सांगितला नाही तर, ई (सुमारे २.७१८) हा पाया धरते. पण बाई शेजारी नसत्या तर मुलांना हे कळावे कसे? त्या दिवशी इंटरनेटही बंद होते.

उत्तर त्याच संगणकात होते. आज्ञा टाइप करायच्या काळ्या खिडकीत पुढील ओळ लिहायची, अर्थात रोमन अक्षरांत: पायथन -एम पायडॉक मॅथ.लॉग. (काही संगणकांवर पायथनपुढे ३ हा आकडा जोडावा लागतो.) एंटर दाबताच दोन-तीन ओळी येतात: या फंक्शनला काय द्यायचे, ते काय परत देते, आणि पाया न दिल्यास नैसर्गिक लघुगणक मिळेल. नुसते 'मॅथ' विचारले तर त्यातली सगळी फंक्शने ओळीने दिसतात आणि दहाच्या पायाचे 'लॉग१०' तिथेच सापडते. 'मॅथ.साइन' विचारून पाहा. कोन रेडियनमध्ये द्यावा, असे स्पष्ट लिहिलेले आहे. ३० अंशांची साइन ०.५ ऐवजी उणे ०.९८८ का आली, याचा उलगडा तिथे होतो. वाचून झाले की 'क्यू' ही कळ दाबून बाहेर पडायचे. हे आवर्जून सांगतो, कारण विद्यार्थिदशेत बाहेर पडता येईना म्हणून आम्ही चक्क यंत्र बंद करून पुन्हा चालू केले होते.

संगणकावरच माहितीपुस्तिका ठेवण्याची पद्धत जुनी आहे. युनिक्स प्रणालीच्या पुस्तिकेची पहिली आवृत्ती नोव्हेंबर १९७१ची. तिची पाने पडद्यावर दाखवणारी 'मॅन' ही आज्ञा आजही लिनक्सवर चालते. 'मॅन प्रिंटएफ' म्हटले तर त्या नावाची आज्ञा दिसते. सी भाषेतले फंक्शन हवे असेल तर मध्ये ३ लिहायचे, कारण फंक्शनांची माहिती पुस्तिकेच्या तिसऱ्या भागात असते.

पायडॉक मात्र थोडे वेगळे आहे. पायथनमध्ये फंक्शन लिहिताना पहिल्याच ओळीत, तिहेरी अवतरणचिन्हांत, ते काय करते हे लिहून ठेवता येते. पायथन ही ओळ टीप म्हणून टाकून देत नाही, फंक्शनबरोबर सांभाळून ठेवते. पायडॉक ती वाचून दाखवते. २००१ साली आलेल्या पायथन २.१ पासून हे साधन भाषेबरोबरच मिळते. त्याचा मोठा फायदा असा की, वाचलेली माहिती आपल्याच यंत्रावरच्या आवृत्तीची असते. हे क्षुल्लक नाही. ७ भागिले २ याचे उत्तर पायथन २ मध्ये ३ येई, पायथन ३ मध्ये ३.५ येते. पायथन २ ची देखभाल २०२० साली थांबली, पण तिच्यावर बेतलेली पुस्तके शाळांच्या कपाटांत अजून सापडतात.

पायडॉकला सगळे विचारता येते असे मात्र नाही. पूर्णांकात रूपांतर करणारे 'राउंड' हे फंक्शन २.५ चे २ करते आणि ३.५ चे ४, म्हणजे बरोबर अर्धा असेल तर सम संख्येकडे झुकते. आपण शाळेत शिकवतो तो नियम हा नव्हे. पायडॉकच्या त्रोटक माहितीत याचा उल्लेख नाही. त्यासाठी सविस्तर पुस्तिकाच पाहावी लागते, किंवा दोन संख्या घालून स्वतः पडताळावे लागते.

आता गंमत. मुलांच्या स्वतःच्या आज्ञावलीलाही पायडॉक लागू पडते. त्या गटाने नंतर 'पीएच' नावाचे फंक्शन लिहिले आणि त्याच्या पोटात मराठीत ओळ घातली: 'संहती मोल प्रति लिटरमध्ये द्या, पाया १०.' पायथन ३ ला देवनागरीचे वावडे नाही, फक्त काही काळ्या खिडक्यांत जोडाक्षरे विस्कटतात. फाइल जिथे ठेवली आहे त्याच फोल्डरमधून, शेवटचे 'डॉट पीवाय' गाळून, तिचे नाव पायडॉकला द्यायचे. एक सावधगिरी बाळगावी. माहिती काढण्यासाठी पायडॉक ती फाइल प्रत्यक्ष चालवते. त्यामुळे फंक्शनच्या बाहेर मोकळ्या लिहिलेल्या ओळीही चालतात. आमच्या मुलांना माहितीऐवजी आधी त्यांचाच प्रश्न समोर आला, 'तुमचे नाव काय?', आणि उत्तर टाइप केल्याशिवाय पायडॉक पुढे सरकेना.