घरी कोण कोण आहे?

कमी वजनाचं बाळ नवजात कक्षातून घरी सोडायची वेळ आली, की अनुभवी सिस्टर डिस्चार्ज कार्डाला हात लावण्याआधी आईला चार साधे प्रश्न विचारतात. घरी कोण कोण आहे? बाळाला अंघोळ कोण घालणार? इथून माहेरी जाणार की सासरी? चूल घरात आहे की पडवीत? औषधांच्या चिठ्ठीत यातलं काही लिहिलेलं नसतं. पण पुढच्या महिनाभरात त्या बाळाचं काय होणार, हे बरंचसं या उत्तरांवर ठरतं.

2020 च्या नमुना नोंदणी पाहणीनुसार महाराष्ट्रात दर हजार जिवंत जन्मांमागे 16 बाळं वर्ष पुरं व्हायच्या आत दगावत होती. त्यातली 11 पहिल्या 28 दिवसांतच. देशाच्या तुलनेत आपलं राज्य बरंच पुढे आहे, देशाचा आकडा तेव्हा 28 होता. पण सोळापैकी अकरा हा हिशेब थांबून पाहण्यासारखा आहे. साताऱ्यात काय, सांगलीत काय, बाळंतपण आता बहुतेक दवाखान्यातच होतं. साधं बाळंतपण असेल तर आई तीन दिवसांत घरी जाते, सिझेरियन असेल तर आठवडाभरात. धोक्याच्या महिन्यातले उरलेले सगळे दिवस घरात जातात. म्हणून बालपरिचर्या वॉर्डाच्या दारापाशी थांबवून चालत नाही.

आधी वॉर्डाच्या आतलं पाहू. साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील सामान्य रुग्णालय, सांगलीत वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय, मिरजेत 1962 पासूनचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, कराडला कृष्णा रुग्णालय अशी मोठी ठिकाणं या पट्ट्यात आहेत. जिल्हा पातळीवरच्या विशेष नवजात काळजी कक्षात, ज्याला सगळे ‘एसएनसीयू’ म्हणतात, बाळाला ऊब देणारे वॉर्मर असतात, काविळीसाठी निळा प्रकाश असतो, रक्तातला ऑक्सिजन दाखवणारी यंत्रं असतात. नातेवाइकांच्या भाषेत हे सगळं मिळून ‘बाळ पेटीत ठेवलंय’. पेटी मात्र बाळ सांभाळत नाही. दर दोन-तीन तासांनी दूध पाजणारी, पोट फुगलंय का बघणारी, पाय गार लागतात का ते हाताच्या पाठीनं तपासणारी सिस्टर बाळ सांभाळते.

मोठ्या माणसांच्या वॉर्डात काम केलेली परिचारिका इथे आली, की तिला पुष्कळ नव्यानं शिकावं लागतं. पेशंट बोलत नाही, दुखतंय कुठे ते सांगत नाही, आणि बिघडायला लागला की तासाभरात बिघडतो. नवजात बाळाच्या अंगात किलोमागे साधारण 80 मिलिलिटर रक्त असतं. म्हणजे दोन किलोच्या बाळाचं सगळं रक्त चहाच्या एका भरलेल्या कपाएवढं. तपासणीसाठी रक्त काढायचं तर थेंबांचा विचार करावा लागतो. औषधाचा डोस वजनावर काढायचा असतो आणि दशांश चिन्ह एक घर सरकलं तरी दहापट औषध जातं. म्हणून दोघींनी मिळून डोस तपासायची शिस्त असते. श्वास मोजायचा तर पूर्ण एक मिनिट, बाळ शांत असताना, छातीवरून नजर न हलवता. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा श्वास मिनिटाला 60 किंवा जास्त, वर्षाच्या आत 50 किंवा जास्त, पाच वर्षांच्या आत 40 किंवा जास्त भरला तर न्युमोनियाची शंका घ्यायची. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणायची सवय बाळांच्या बाबतीत चालत नाही, कारण त्यांचा श्वास मुळातच एका लयीत नसतो.

हे कौशल्य शिकवण्याची परंपरा आपल्याकडे चांगली जुनी आहे. कॅनडातून आलेले डॉ. विल्यम वानलेस 1889 मध्ये भारतात पोचले. 1894 मध्ये मिरजेचं मिशन रुग्णालय उभं राहिलं आणि त्याच्याच आधारानं मुलींना परिचर्येचं शिक्षण मिळू लागलं. त्याच दशकात, 1897 मध्ये, सातारा जिल्ह्यातल्या नायगावच्या लेकीनं, सावित्रीबाई फुल्यांनी, प्लेग झालेलं एक पोर मुंढव्याहून पाठीवर घालून आपला डॉक्टर मुलगा यशवंत याच्या दवाखान्यात नेलं. तोच संसर्ग होऊन 10 मार्चला त्या गेल्या. सावित्रीबाईंची आठवण आपण शिक्षिका म्हणून काढतो, ते योग्यच आहे. आजारी मुलाला हात लावायला माणसं घाबरत होती तेव्हा त्यांनी त्याला पाठीवर घेतलं, ही आठवण परिचर्येच्या वर्गांतही पहिल्याच दिवशी सांगितली जावी असं मला वाटतं.

आता आईकडे येऊ. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडातल्या रुग्णालयांत मूल दाखल झालं की आईला घरी पाठवत, आठवड्यातून ठरलेल्या वेळीच भेट. न्यूकॅसलला जेम्स स्पेन्स यांनी आईला मुलाजवळ ठेवायला सुरुवात केली. 1952 मध्ये जेम्स रॉबर्टसन यांनी दोन वर्षांच्या एका मुलीचं रुग्णालयातलं एकटेपण चित्रित करून दाखवलं आणि 1959 च्या प्लॅट अहवालानं भेटीगाठींवरची बंधनं उठवायची शिफारस केली. आपल्या सरकारी बालविभागात हा लढा कधी द्यावाच लागला नाही. मुलाच्या खाटेवर आई, खाटेखाली पिशवी आणि डबा, दाराबाहेर मामा किंवा आजोबा, हे चित्र पहिल्यापासूनचं आहे. आपण आईला बाहेर काढलं ते नवजात कक्षातून. जंतुसंसर्गाच्या भीतीनं दार बंद झालं आणि नुकती बाळंत झालेली बाई व्हरांड्यात बसून काचेतून बघू लागली.

त्या दाराला फट पाडली ती टंचाईनं. 1979 मध्ये एस्टोनियातल्या टॅलिन शहरात डॉ. आदिक लेविन यांच्याकडे परिचारिका पुरत नव्हत्या, म्हणून त्यांनी आयांनाच बाळांची काळजी घ्यायला शिकवलं. त्याच सुमारास कोलंबियातल्या बोगोटात पेट्या कमी पडल्या, तेव्हा कमी वजनाची बाळं आईच्या छातीशी उघड्या अंगानं बांधून ठेवायची पद्धत सुरू झाली. तिलाच आपण कांगारू केअर म्हणतो. 2021 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं भारतासह पाच देशांतला अभ्यास प्रसिद्ध केला. बाळ स्थिर व्हायची वाट न पाहता जन्मल्याबरोबर ही ऊब दिली तर पहिल्या 28 दिवसांतले मृत्यू सुमारे चतुर्थांशानं घटतात, असं त्यात दिसलं. आपल्या आरोग्य मंत्रालयानं 2017 मध्येच कुटुंबाच्या सहभागाची मार्गदर्शक तत्त्वं काढली होती. हात कसे धुवायचे, गाऊन कसा घालायचा, वाटी-चमच्यानं दूध कसं पाजायचं, लंगोट कसा बदलायचा, हे सिस्टरनं आईला आणि आणखी एका नातेवाइकाला कक्षातच शिकवायचं. तो ‘आणखी एक’ बाप असू शकतो. बापाच्या छातीची ऊबही बाळाला तितकीच लागू पडते. आपल्याकडचे तरुण बाप सुरुवातीला संकोचतात, पण शर्टाची बटणं सोडून तासभर खुर्चीत बसलेला माणूस पुढे त्या बाळाच्या तपासणीची तारीख सहसा विसरत नाही.

घरी गेल्यावर गाठ पडते ती आजीशी. चीक पिळून टाकायचा, मध चाटवायचा, गुटी उगाळून द्यायची, टाळू तेलानं भरायची, नाका-कानात तेल सोडायचं, अंघोळीनंतर शेगडीवर धुरी द्यायची. यातल्या प्रत्येक गोष्टीमागे माया आहे आणि बऱ्याच गोष्टींत धोका आहे. मधातून लहान बाळाला बोटुलिझमसारखी गंभीर विषबाधा होऊ शकते. नाकात सोडलेलं तेल फुप्फुसात उतरू शकतं. धुरीनं श्वासाचा त्रास वाढतो. चीक तर बाळाची पहिली लसच समजावी. पण ‘हे सगळं चूक’ असं एका दमात सांगणाऱ्या सिस्टरचं कुणी ऐकत नाही. जुन्याजाणत्या सिस्टर आजीलाच जवळ बसवतात. ‘आजी, तुमचा मालिशीचा हात चांगला आहे, तो सोडू नका. फक्त वजन अडीच किलो होईपर्यंत अंघोळ नको, नुसतं पुसून घ्या. आणि तेल नाकात नाही, अंगालाच.’ मालिश, ऊब, बाळंतिणीची विश्रांती, तिला डिंक-अळीव खाऊ घालणं या राखण्यासारख्या गोष्टी आधी मान्य केल्या, की उरलेल्या तीन-चार सोडवता येतात. सुनेला सांगून हे होत नाही. ती ‘आत्यांना विचारते’ म्हणते आणि विचारायचं धाडस तिला होत नाही.

घरच्या काळजीचं शास्त्र महाराष्ट्रातच उभं राहिलं आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी शिकवली. 1999 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या त्यांच्या शोधनिबंधात नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी खाली आल्याचं दिसलं. त्याच वाटेनं 2011 मध्ये देशभर आशाताईंच्या गृहभेटी सुरू झाल्या. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जायचं. वजन, ताप, श्वास, बेंबी, दूध ओढतंय का, सगळं तपासायचं. या सगळ्या भेटी पूर्ण झाल्या की 250 रुपये, असा मोबदला योजनेत तेव्हा ठरला. एवढ्या जबाबदारीला ही रक्कम फार थोडी होती.

या वेळापत्रकाला आपल्याकडे एक अडचण आहे आणि ती रीतीतून आली आहे. पहिलं बाळंतपण माहेरी होतं. सासर खटावमध्ये, माहेर आटपाडीत. नोंदणी एका उपकेंद्रात, बाळंतपण दुसऱ्या तालुक्यात, आणि सव्वा महिन्यानं किंवा तिसऱ्या महिन्यात बाळ परत सासरी. सासरच्या आशाताईला वाटतं माहेरची बघतेय, माहेरचीला वाटतं मुलगी आता गेली. सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याच्या लसी नेमक्या या जाण्यायेण्यात येतात. दोघींनी एकमेकींना एक फोन केला तरी अर्धं काम होतं. डिस्चार्ज कार्डावर माहेर आणि सासर, दोन्हीकडच्या आशाताईंचे नंबर लिहायची सक्ती झाली, तर त्याला पैसाही लागणार नाही.

रीतीची दुसरी बाजू जास्त कठोर आहे. 2011 च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे साताऱ्यात 895 आणि सांगलीत 867 मुली होत्या. त्याच वर्षी 22 ऑक्टोबरला सातारा जिल्हा परिषदेच्या कार्यक्रमात पावणेतीनशेहून अधिक मुलींनी ‘नकुशा’ हे नाव टाकून नवं नाव घेतलं. नको असताना झाली म्हणून नकुशा. सहा वर्षांनी, 2017 मध्ये, मिरज तालुक्यातल्या म्हैसाळला बेकायदा गर्भपातांचं प्रकरण उघडकीला आलं आणि एकोणीस भ्रूण सापडले. बालपरिचर्येशी याचा संबंध थेट आहे. देशभरातल्या नवजात कक्षांत मुलींपेक्षा मुलगे जास्त दाखल होतात. मुलग्यांची प्रकृती जन्मतः थोडी नाजूक असते हे खरं, पण तेवढ्यानं सगळा फरक भरून निघत नाही. तिसरी मुलगी आजारी पडली तर ‘बघू उद्या’ म्हटलं जातं आणि नवजात बाळाच्या आजारात उद्या उशीर झालेला असतो. घरात सगळ्यात आधी हे ओळखते ती आशाताई किंवा उपकेंद्राची सिस्टर. एका बाळाचं वजन वाढत नसेल आणि त्याच घरातल्या भावाचं कार्ड नीट भरलेलं असेल, तर तिला काही विचारावं लागत नाही.

आणि ज्या बाळांचं घरच जागेवर नसतं, त्यांचं काय? ऑक्टोबर-नोव्हेंबरात कारखान्यांची धुराडी पेटली, की बीड आणि अहिल्यानगरकडून, आपल्याच जत तालुक्यातूनही, ऊसतोड टोळ्या कृष्णाकाठी उतरतात. रेठरे, यशवंतनगर, साखराळे, सगळीकडे कोप्या पडतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, उचल घेतलेली, त्यामुळे बाळंतीण झाली म्हणून फडातली सुट्टी परवडत नाही. आई पहाटे जाते, बाळ पाचटाच्या सावलीत मोठ्या बहिणीकडे असतं. अशा वस्तीवर सकाळी दहाला लसीकरण ठेवलं तर कुणी सापडत नाही. टोळी फडावरून परतल्यावर, संध्याकाळी, मुकादमाला आधी सांगून गेलेल्या सिस्टरनाच बाळं भेटतात. पुष्कळांकडे लसीचं कार्ड नसतं, ते गावाकडच्या पेटीत राहिलेलं असतं. अलीकडे यू-विन या सरकारी नोंदणीमुळे कुठल्याही जिल्ह्यात दिलेली लस ऑनलाइन दिसू शकते. स्थलांतर करणाऱ्या बाळांना याचा खरा उपयोग आहे, फक्त वस्तीवर जाणाऱ्या सिस्टरच्या हातात चालू मोबाइल आणि नेटवर्क हवं.

यातलं काहीही सिस्टर जागेवर असल्याशिवाय होत नाही. नवजात कक्षात वर्षभर तयार झालेली, हाताला वळण आलेली परिचारिका फेरबदलीत दुसऱ्या विभागात जाते आणि तिच्या जागी आलेली पुन्हा श्वास मोजण्यापासून सुरुवात करते. अनेकजणी कंत्राटी आहेत, त्यांचं लक्ष पुढच्या मुदतवाढीकडे असणार, त्यात त्यांचा दोष नाही. किमान नवजात आणि बालविभागातल्या परिचारिकांना तीन ते पाच वर्षं हलवू नये, आणि एका सिस्टरकडे किती बाळं असावीत याचा नियम कागदावरून पाळीच्या तक्त्यात उतरावा. आणि साखर कारखान्यांच्या गाळप हंगामाची तयारी जशी पावसाळ्यातच सुरू होते, तशीच दोन्ही जिल्हा परिषदांच्या आरोग्य विभागांनी टोळ्यांच्या वस्त्यांची यादी, संध्याकाळच्या सत्रांच्या तारखा आणि त्या वस्त्यांना नेमून दिलेल्या सिस्टरची नावं सप्टेंबर संपायच्या आत ठरवावीत. कारखान्यांकडे टोळीनिहाय करार असतात, त्यामुळे किती कोयते कुठे उतरणार हे आधीच ठाऊक असतं. त्या यादीत प्रत्येक कोयत्यापुढे लहान मुलांची संख्या आणि वय हा एक रकाना वाढवायचा आहे.