माशांसाठी लस

गावातील कोंबड्यांना राणीखेत रोगावरील लस देतात, हे चौथीतील मुलांसही ठाऊक असते. परंतु माशांनाही लस देतात, असे शिक्षकांनी सांगितल्यास वर्गात हशा पिकण्याचाच संभव अधिक. "पाण्यातल्या हजारो माशांना सुई टोचणार कोण?" असा प्रश्न एखादा मुलगा विचारील. हा प्रश्न अगदी रास्त आहे. शास्त्रज्ञांनाही तो सोडवावा लागला.

आपल्या तळ्यांतून रोहू, कटला व मृगळ यांच्याबरोबर सायप्रिनस हा मासा वाढवितात. त्याची एक जात १९५७ साली बँकॉकहून भारतात आणली गेली. इस्रायलमध्येही या माशाची शेती मोठी आहे. तेथे १९९८ च्या वसंत ऋतूत सायप्रिनस व त्याचाच शोभिवंत भाऊबंद कोई हे मासे एकाएकी मरू लागले. मासा सुस्त होई, कल्ल्यांवर चिकट स्राव साचे, आणि थोड्याच दिवसांत रोग शिरलेल्या तळ्यातील शंभरांपैकी ऐंशी किंवा त्याहूनही अधिक मासे दगावत. २००० सालाच्या अखेरीस तेथील सुमारे नव्वद टक्के सायप्रिनस-शेतांत हा रोग पोहोचला होता. नवल असे की, त्याच पाण्यातील तिलापियास काही होत नसे.

रोगाचे कारण हर्पिस कुळातील एक विषाणू होय. येथे जिवाणू व विषाणू यांतील भेद मुलांस स्पष्ट करून सांगावा. जिवाणूचा संसार स्वतंत्र असतो. प्रतिजैविक औषध तो मोडू शकते. विषाणू मात्र माशाच्याच पेशीत शिरून तिच्याकडून आपली वाढ करून घेतो. त्यामुळे प्रतिजैविके तळ्यात कितीही टाकली, तरी विषाणू मरत नाही. पैसा वाया जातो, आणि औषधाला न जुमानणारे जिवाणू मात्र निपजतात.

हा रोग पाण्याचे उष्णतामान सुमारे १८ ते २८ अंश सेल्सिअस असतानाच बळावतो. इस्रायलमधील मत्स्यपालकांनी या गोष्टीचा मोठ्या चतुराईने उपयोग केला. निरोगी बोटुकली २२-२३ अंशांच्या पाण्यात तीन ते पाच दिवस रोगी माशांच्या सहवासात ठेवावयाची आणि मग सुमारे ३० अंशांच्या पाण्यात महिनाभर हलवावयाची. ऊबदार पाण्यात विषाणू दबून राही व जगलेल्या माशांत प्रतिकारशक्ती येई. परंतु कित्येक मासे मरतच, आणि वाचलेले अंगात खरा विषाणू बाळगीत, ही मोठीच उणीव होती.

म्हणून शास्त्रज्ञांनी विषाणूच क्षीण करावयाचे ठरविले. माशांच्या पेशी प्रयोगशाळेत सतत वाढविण्याची युक्ती १९६२ साली अमेरिकेत ट्राउट माशाच्या पेशींवर साधली होती. त्याच मार्गाने, कोईच्या पराच्या पेशींत हा विषाणू पुनःपुन्हा वाढविण्यात आला. अशा अनेक वाढींनंतर त्याचा मारकपणा ओसरला, मात्र प्रतिकारशक्ती जागविण्याचा गुण टिकला. ही क्षीण लस पाण्यात मिसळून बोटुकली त्यात थोडा वेळ बुडविली की काम होते. सुईची गरज उरत नाही. हे का साधते, याचा उलगडा पुढे २००९ साली झाला. बेल्जियममधील लिएज विद्यापीठातील संशोधकांनी दाखविले की, हा विषाणू माशाच्या त्वचेतूनच आत शिरतो. लसही त्याच दाराने जाते.

तथापि जिवंत लसीबाबत एक शंका राहते, व ती अनाठायी नाही: क्षीण विषाणू पुन्हा प्रखर झाला तर? पाण्यातून तो नदीनाल्यांतील माशांपर्यंतही जाऊ शकेल. म्हणून लिएज येथील संशोधकांनी विषाणूच्या जनुकांपैकी दोन जनुके मुळातूनच काढून टाकली. क्षीणपणा आपोआप आलेला असल्यास तो आपोआप जाऊही शकतो. काढून टाकलेला भाग मात्र विषाणूला पुन्हा सहजासहजी मिळत नाही. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगांत ही लसही पाण्यात बुडवूनच दिली होती.

लस हाती नसेल तेथे तळ्याचे रक्षण पालकाच्या सावधगिरीवरच अवलंबून असते. जपानमध्ये २००३ साली कासुमिगाउरा सरोवरात याच रोगाने हजार टनांहून अधिक मासे मेले. नवे मत्स्यबीज मुख्य तळ्यात सोडण्यापूर्वी काही आठवडे निराळे ठेवावे. एका तळ्याचे जाळे धुऊन उन्हात पूर्ण वाळविल्यावाचून दुसऱ्या तळ्यात टाकू नये. मेलेले मासे ओढ्यात न फेकता पाण्यापासून दूर पुरावेत. गावात मत्स्यपालन करणारी कुटुंबे असल्यास या तीन गोष्टी मुलांकरवी घरी अवश्य पोहोचवाव्यात.